कोस्मीच्या कोनाड्यावरचा सरडा

मार्गालिदाला समुद्र आवडत नव्हता आणि तिनं ते कधी लपवलं नाही. ती वरच्या डोंगराकडची, बदामाच्या गावची. लग्न होऊन आमच्या खाडीवर आली ती कोस्मी मासेमाराची बायको म्हणून; पण ओसरीवर खुर्ची टाकली की तिचं तोंड अंजिराच्या झाडाकडे आणि पाठ पाण्याकडे. कुणी छेडलं तर म्हणायची, "पाण्याकडे काय बघायचं? ते काय पळून चाललंय?" होडीत ती उभ्या आयुष्यात एकदाच बसली, तीही किनाऱ्याला बांधलेल्या होडीत, आणि तिच्यातूनही दोन मिनिटांत उतरली.

तरी खाडीवरचं एक काम तिच्यावाचून अडायचं. तेव्हा जाळी सुताची असत. पाइनच्या सालीच्या काढ्यात बुडवून ती रंगवावी लागत, नाहीतर कुजायची. रंगवायच्या दिवशी मार्गालिदा मोठ्या काहिलीपाशी उभी राहायची. काठीनं काढा ढवळायची, काठी वर उचलून टोकाचा थेंब उन्हात धरायची आणि म्हणायची, "अजून नाही." पुरुषमाणसं कंटाळून विडी ओढत बसत. तिनं "आता" म्हटल्याशिवाय कुणाचं जाळं आत पडत नसे. पुढं नायलॉन आलं आणि काहील कोंबड्यांना पाणी प्यायला गेली. पण रंगाबद्दलचा तिचा काटेकोरपणा गेला नाही. बाजारात काळं कापड घ्यायला गेली की दोन तास लागत, कारण तिच्या मते काळ्यात निळा काळा असतो, तांबडा काळा असतो, आणि दुकानदार सगळ्याला काळाच म्हणतो.

मी त्यांची शेजारीण, गावच्या शाळेत शिकवायचे. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांमधली भिंत इतकी पातळ, की तिनं कांदा परतला की माझ्या डोळ्यांना पाणी यायचं. त्यांचा मुलगा जाउमे माझ्या शाळेत होता. शांत मुलगा. फळ्यावर बोलावलं तर येऊन उभा राहायचा आणि खडूकडे बघत बसायचा. आता बापाची होडी तो चालवतो.

कोस्मी चार लोकांत फारसा बोलत नसे. मासे कुठं लागतात हे मासेमारानं बोलायचं नसतं, आणि ही सवय अंगात मुरली की माणूस हवामानाबद्दलसुद्धा जपून बोलायला लागतो. इतर लोक जात त्याच खडकांकडे तोही जायचा, पण त्याच्या टोपलीत हेकरू असत, मोठे, जाड ओठांचे, आणि इतरांच्या टोपलीत आमटीपुरते मासे. "कुठं गेला होतास रे?" कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "गाढवीला."

गाढवी म्हणजे खाडीसमोरचा लांबट खडक. पाठीत खोलगट, एका टोकाला दोन सुळके कानांसारखे. तिच्यापलीकडे, किनाऱ्यावरून न दिसणारा, तीन पायांवर उभा असल्यासारखा दुसरा खडक आहे, तिवई. तिवईला कुणी जात नाही. तिथं जाळी फाटतात आणि गळ अडकतात, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात.

घरी आल्यावर मात्र कोस्मीला कंठ फुटायचा. माशांबद्दल तेव्हाही अवाक्षर नाही. तो बोलायचा सरड्यांबद्दल. दुपारची भाकर खायला तो खडकावर चढायचा, पावावर टोमॅटो चोळायचा, आणि त्या वासानं सरडे गोळा व्हायचे. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"आज एक म्हातारा आला. चपलेवर चढून बसला. मी पाय हलवला तरी उतरेना."

"कसा होता?"

"पाठ हिरवी, तिच्यावर काळी नक्षी. कुशीला निळा. गॅस बारीक केल्यावर ज्योतीच्या मुळाशी राहतो ना, तो निळा."

"आणि पोट?"

"जर्दाळूसारखं."

"बाजारातल्या का आपल्या?"

"आपल्या गं. त्यातही उन्हाकडच्या फांदीवरच्या."

मग नुसती तिची पळी वाजत राहायची. मला वाटतं, डोळ्यांपुढं रंग मिसळत असावी.

आमच्या बेटाभोवती जितके खडक तितके सरड्याचे रंग. सरडा तोच, वीतभर लांब, त्यातली अर्धी शेपटी. पण गावात कुंपणाच्या दगडांतून फिरतो तो हिरवा, पाठीवर तपकिरी पट्टे असलेला. समोरच्या बारक्या खडकावरचा राखाडी. गाढवीवरचा जवळजवळ काळा, पोटाकडून पाटीच्या दगडासारखा. तिवईवरचा निळा आणि केशरी. एका खडकावरचा दुसऱ्यावर पोहून जात नाही, त्यामुळे ज्याचा रंग त्याच्यापाशी राहतो. इथली पोरं पहिल्यांदा होडीतून खडकावर जातात तेव्हा गवताच्या काडीचा फास करून सरडा धरतात, उलटा करून पोट बघतात आणि सोडून देतात. मुली जात नसत. मार्गालिदा तर डोंगराकडची, तिनं खडकच पाहिले नव्हते. तिच्या लेखी गाढवी म्हणजे नवरा जातो ती जागा, आणि निळा-केशरी सरडा म्हणजे तिथला.

कोस्मी फेब्रुवारीत गेला. थोडा ताप, मग खोकला, आणि आठवड्यात संपलं. आमच्याकडे शवपेटी जमिनीत पुरत नाहीत, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. चर्चच्या मागच्या भिंतीत वरून तिसऱ्या ओळीतला कोनाडा त्याला मिळाला. तोंडाला नुसतं सिमेंट लिंपलेलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, सगळं गाव आपापल्या माणसांपुढं फुलं घेऊन उभं राहतं. तोवर कोनाड्यावर टाइल बसवायची, ही रीत. टाइलवर नाव, साल, आणि त्या माणसाची एखादी वस्तू. कुणाची होडी असते, कुणाची घागर, शिकाऱ्याच्या कोनाड्यावर त्याचा कुत्रा आहे.

सप्टेंबर संपता संपता मार्गालिदानं मला हाक मारली. "बाई, येता का एस्पेरान्साकडे? चढ आहे, एकटीला दम लागतो."

एस्पेरान्सा आमच्या गावची कुंभारीण. बाप मासेमार होता. बेट बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती सरडे रंगवते, वाडग्यांवर, किटल्यांवर, दाराच्या पाट्यांवर. पाहुण्यांना कुठलाही निळा चालतो. गावचा माणूस आला तर ती आधी खडकाचं नाव विचारते.

"काय काढू, काकू? होडी?"

"होडी नको. होडीचं नाव काढू नकोस. सरडा."

"कुठला?"

"यांचा. गाढवीवरचा." मार्गालिदानं बाकावर बसून श्वास घेतला आणि मग एक एक सांगितलं. पाठीवरची नक्षी, ज्योतीच्या मुळाचा निळा, उन्हाकडच्या जर्दाळूचं पोट. "तोंड वर केलेलं हवं. हे पाव खात बसले असताना बघायचा तसं."

एस्पेरान्साच्या हातात ब्रश होता. तो तिनं पाण्यात बुडवला, पुसला, परत बुडवला. "गाढवीवरचा," ती म्हणाली.

"हो. दुसरं कुठं गेलेत का हे कधी?"

एस्पेरान्सानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मीही याच खाडीवर वाढलेली; ते रंग भिंतीपलीकडून कितीदा ऐकले होते, पण गाढवीच्या नावाशी कधी जोडून पाहिले नव्हते. कोस्मी इतकी वर्षं कुठं जात होता ते आम्हा दोघींना त्याच क्षणी कळलं.

संध्याकाळी एस्पेरान्सा बंदरावर गेली. जाउमे होडी धूत होता. पुढं काय झालं ते तिनंच मला सांगितलं.

"तुझ्या आईनं तिवईचा सरडा मागितलाय. थडग्यावर लावायला."

जाउमेनं बादली खाली ठेवली. "कुणाला बोललीस?"

"बाई होत्या. त्या बोलणार नाहीत."

"तो लागला ना तिथं, तर शुमेउ दुसऱ्या दिवशी पहाटे तिवईला असेल. आणि त्याच्यामागं बाकीचे चार."

"असणारच. रंग बघून शेंबड्या पोरालाही कळेल."

शुमेउ म्हणजे खाडीवरचा सगळ्यांत जुना मासेमार. कोस्मीच्या टोपलीत डोकावण्यात त्याचा जन्म गेला होता. जाउमेची अडचण खरी होती. गाढवीला आता काही उरलेलं नाही. बापानं त्याला दिलं ते एवढंच: तिवईच्या दक्षिणेला, होडीतून बघताना एका खुणेवर दुसरी खूण बसली की तिथं खाली हेकरूंची कपार आहे. दोन पोरं आहेत, बायको आहे, आणि ती कपार आहे. पाच होड्या रोज तिथं आल्या तर वर्षभरात कपारीत शेवाळ उरेल.

"मग आईला सांग खरं काय ते," एस्पेरान्सा म्हणाली.

"काय सांगू? बाबा तुझ्याशी जन्मभर खोटं बोलले? ते जाऊन वर्ष झालं नाही. तिच्याकडे दुसरं काय आहे त्यांचं? फोटोसुद्धा धड नाही." तो खूप वेळ होडीच्या कडेवरून हात फिरवत राहिला. "तू काळा रंगव. म्हण भट्टीत रंग जळला."

"तुझी आई! तिला मी भट्टीच्या गोष्टी सांगू?"

"वय झालंय. नजर कमी झालीय."

"तुझ्याइतका भाबडा माणूस मासे कसे पकडतो रे?" एस्पेरान्सा म्हणाली. पण शेवटी ती तयार झाली. पोटाचा प्रश्न होता आणि तिचा बाप त्याच धंद्यात म्हातारा झाला होता.

ऑक्टोबरच्या मध्याला ती टाइल घेऊन खाली आली. मार्गालिदा बदाम फोडत बसली होती, मी तिच्याबरोबर. जाउमे दाराशी उभा राहिला, फळ्यापाशी उभा राहायचा तसाच. टाइल सुंदर झाली होती. तोंड वर केलेला सरडा, पाय पसरलेले, बोटं एकेक मोजावीत अशी. अंगानं काळा, उजेडात किंचित तपकिरी.

"भट्टी तापली जरा जास्त, काकू. निळा काळवंडला."

मार्गालिदानं हात पुसले. टाइल घेऊन ती ओसरीच्या कडेला गेली, उन्हात तिरकी धरली, अंगठा फिरवला. परत आली आणि टाइल बदामांच्या टरफलांवर ठेवली.

"पोटाला करडा लावलायस. डोळ्याभोवती पिवळं बारीक कडं काढलंयस. ते जळलं नाही का?"

एस्पेरान्सानं जाउमेकडे पाहिलं.

"हा दुसरा सरडा आहे. नीट बघून काढलेला. कुणाचा आहे?"

"गाढवीचा," जाउमे दारातून म्हणाला.

"गाढवीचा कसा असतो ते तुझ्या वडिलांनी मला शंभर वेळा सांगितलंय."

"आई, ते सांगायचे तो गाढवीचा नाही."

तो बोलला, आणि एकदा सुरू झाल्यावर सगळं बोलला. तिवई, कपार, पहाटे गाढवीपर्यंत जायचं, सगळ्यांना दिसेल असं थोडा वेळ थांबायचं, मग तिच्या आडून पलीकडे वळायचं. पोरगा चौदा वर्षांचा झाल्यावर बापानं त्याच्याकडून शपथ घेतली होती. मार्गालिदा ऐकत होती. तिच्या हातात एक बदाम होता, तो तिनं फोडला नाही.

मला वाटलं, आता ती उठून आत जाईल. पण तिनं एस्पेरान्साकडे पाहिलं.

"तिवईवरचे कसे असतात? तू पाहिलेत?"

"बाबांनी एकदा नेलं होतं, लहानपणी. मुलगी असून हट्ट केला म्हणून." एस्पेरान्सा तिच्यासमोर उकिडवी बसली. "पाठ हिरवी, काकू. काळी नक्षी. कुशीला निळे. आणि पोट केशरी."

"केशरी म्हणजे कसं? संत्र्याचं?"

"नाही. त्याहून मऊ. तुम्ही सांगितलंत तेच. जर्दाळू."

"म्हणजे आहे तो सरडा."

"आहे की."

"मग खोटं कसलं बोलले?" मार्गालिदा जाउमेकडे वळून म्हणाली. "मला सरडा सांगितला, तो खरा निघाला. खडकाचं नाव घेऊन मी काय करणार होते? मी काय तिथं जाणार होते?"

तिनं तो बदाम फोडला आणि गर खाल्ला. मग कधी नाही ते आपल्या लग्नाची गोष्ट काढली.

डोंगराकडे तेव्हा रीत होती. मुलगी लग्नाची झाली की ठरलेल्या संध्याकाळी तिला मागणारे सगळे घरी येत. ओसरीवर रांगेनं बसत. आत दोन खुर्च्या. एकेकानं यायचं, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं, आपल्या वाट्याचा वेळ बोलायचं आणि उठायचं. जास्त वेळ बसला तर बाहेरचे खोकायला लागत. आईबाप समोरच.

"सात जण होते," मार्गालिदा म्हणाली. "एकानं गोड शेंगांच्या खरनूबाची झाडं सांगितली. एकानं खेचर सांगितलं, खेचराचे दातसुद्धा सांगितले. मधे हे आले आणि हातांकडे बघत बसले. बाबा म्हणाले, पोरा, वेळ चाललाय. तेव्हा हे म्हणाले, 'मी दुपारी जिथं जेवतो तिथं एक सरडा येतो.' मग हळू आवाजात त्याचे रंग सांगितले. मला हसू आलं. मी विचारलं, कुठं येतो? तर यांनी ओसरीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, 'गाढवीला.'"

"मोठ्यानं का?" मी विचारलं.

"मलाही कळलं नव्हतं. आज कळतंय. रांगेत यांच्या मागचा नंबर शुमेउचा होता."

जाउमे आधी हसला. मग एस्पेरान्सा. मार्गालिदा हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला.

"शुमेउकाका? तुला मागायला?"

"खेचर त्याचंच." ती टाइल परत उचलून बघायला लागली. "मग एकदा म्हटलं ते म्हटलं. लग्न झाल्यावर कुठल्या तोंडानं बदलणार? आणि बदलून मी विहिरीवर कुणाला बोलले असते तर? त्यांनी मला नाव सोडून सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला एवढंही नाही."

"मी दुसरी करते काकू," एस्पेरान्सा म्हणाली. "खऱ्या रंगात. थडग्यावर नाही तर घरात लावा. स्वयंपाकघरात."

"आणि शुमेउची बायको येते मीठ मागायला, तिला काय सांगू?" मार्गालिदानं टाइल तिच्या हातात दिली. "हीच बसव. जन्मभर ज्यांनी गाढवी सांगितली त्यांच्या डोक्यावर मी तिवई लावू? तिथून उठून येतील."

"आई, पण तुला तो हवा होता," जाउमे म्हणाला.

"हवा होता. आहे माझ्याकडे." ती बदामांकडे वळली. "तू उभा काय राहिलास? टरफलं बाहेर टाक."

मग सगळे कामाला लागले. गवंड्यानं टाइल बसवली. मार्गालिदानं भोवतीचं सिमेंट स्वतः चुन्यानं रंगवलं, दोनदा, कारण पहिला हात तिला पिवळट वाटला.

सर्व संतांच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. गाव चर्चमागं जमलं होतं, शेवंतीचे गुच्छ घेऊन, कुजबुजत. पादरी ओळीनं पुढं सरकत होता. शुमेउ आला तो टोपी हातात घेऊन, नव्या बुटांत पाय दुखत असल्यासारखा. कोस्मीच्या कोनाड्यापुढं तो थांबला. मान मागं टाकून त्यानं टाइल पाहिली, मग जवळ जाऊन पाहिली. जाउमे माझ्या शेजारी होता. त्याचा श्वास थांबलेला मला जाणवत होता.

"गाढवीचा," शुमेउ म्हणाला.

"गाढवीचा," मार्गालिदा म्हणाली.

"हुबेहूब आहे. डोळ्याभोवतीचं कडंसुद्धा." त्यानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तुला म्हणून सांगतो मार्गालिदा, आता तो गेलाय म्हणून. मी कितीदा त्याच्यामागनं गाढवीला गेलो असेन. तो निघून गेला की त्याच जागी गळ टाकायचो. अगदी त्याच जागी. आमटीपुरतं कधी मिळालं नाही. काय करायचा गं तो?"

"कसलेला हात लागतो त्याला."

"तेच म्हणायचो मी घरी. बायको म्हणायची, तुझं कुठंतरी चुकतंय." तो पुन्हा सरड्याकडे बघत राहिला. "हात होता त्याचा. मान्य करायला पाहिजे." मग जाउमेच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "तुझा अजून बसायचाय, पोरा. जात राहा तिकडंच."

"जातो, काका," जाउमे म्हणाला.

शुमेउ पुढच्या कोनाड्याकडे गेला. मार्गालिदानं गुच्छातलं एक वाकलेलं फूल काढून झग्याच्या खिशात टाकलं, बाकीची सारखी केली, आणि म्हणाली, "चला आता. पादरी यायच्या आत मला त्यांच्याशी दोन मिनिटं बोलायचंय, आणि तुमच्यापुढं नाही बोलणार."

आम्ही दाराशी जाऊन उभे राहिलो. तिथून तिची पाठ दिसत होती. ती कपाळ टाइलजवळ नेऊन काहीतरी सांगत होती, बराच वेळ; मध्येच तिनं मान वळवून शुमेउकडे पाहिलं, आणि तिचे खांदे हसल्यासारखे हलले.